शीबाचा चुकार ठोका

यंत्रानं निकाल दिला, की शीबानं आयुष्यात एकही ब्लू फिल्म केलेली नाही. ऐकून सगळे खूश झाले. खवळली ती एकटी शीबा.

शीबा म्हणजे रत्नमाला इंगवले. वय त्रेपन्न. सांगलीत माधवनगर रस्त्याला तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, फक्त बायकांसाठी. गाड्या आता स्वतःच्या स्वतः चालतात, मग शिकायला येतं तरी कोण, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आपोआप चालणाऱ्या गाडीत बाई बसली की ती कुठं गेली, किती वेळ थांबली, सगळं नवऱ्याच्या फोनवर दिसतंय. माझ्या गाडीतलं काय दिसतंय? धूर." तिच्याकडं तीन खटारा, क्लचवाल्या गाड्या होत्या आणि शिकणाऱ्या बायकांना महिना-महिना थांबावं लागायचं. नियम एकच. चपला बाहेर काढायच्या, क्लच अनवाणी पायानं दाबायचा. "गाडी कुठं उचलतीय ते तळव्याला कळलं पाहिजे. डोक्यानं गाडी चालवणाऱ्या लई बघितल्या, सगळ्या गटारात."

तरुणपणी ही बाई मुंबईच्या आसपास भाड्यानं घेतलेल्या बंगल्यांत शीबा या नावानं अकरा फिल्म करून बसली होती. पोलिसांनी धरलं, पेपरांनी फोटो छापला. एकानं तोंडापुढं माइक धरून विचारलं, "तुमच्यावर जबरदस्ती झाली का?" तिथं ती हो म्हणाली असती तर बिचारी म्हणून सुटली असती, कुणीतरी खणानारळानं ओटीही भरली असती. ती म्हणाली, "न्हाई. सूतगिरणीत उभं राहून पाय सुजायचे, तिथं जबरदस्ती होती. हितं मी माझ्या अटी घातल्या. जमलं तवर केलं, जमेना तवा सोडलं." झालं! संस्कृतीवाल्यांनी तिच्या तोंडाला काळं फासलं आणि उद्धारवाल्यांनी दार लावून घेतलं. फिल्म मात्र दोघांनीही बघितल्या होत्या. न बघता इतक्या बारकाव्यानं शिव्या घालता येत नाहीत.

त्याच बंगल्यांत दिवे लावणाऱ्या एका सरळ माणसाशी तिनं लग्न केलं. तो काविळीनं गेला. मागं राहिली मुलगी, नीरजा.

नीरजा आता पुण्यात नोकरी करत होती. आई काय करते, या प्रश्नाला "ड्रायव्हिंग स्कूल चालवते" एवढंच उत्तर देत होती. कॉलेजात असताना कुणीतरी तिच्या फोनवर एक क्लिप पाठवली होती. त्यात शीबा रडत होती, हात जोडत होती, आणि समोरचे थांबत नव्हते. नीरजानं ती पुरती बघितली नाही. जेवढी बघितली तेवढी पुढची सात-आठ वर्षं पुरली. आईला विचारलं तर आई म्हणाली, "ती मी न्हाई. कॉम्प्युटरवर केलंय कुणीतरी." नीरजाला वाटलं, आई आपल्याला जपतेय. तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या पोटात होता: आईवर जबरदस्ती झाली होती का? आणि तो परत विचारण्यात अर्थ नव्हता, कारण आईचं उत्तर ठरलेलं होतं.

अशात तन्मय गद्रे आला. पुण्याचा माहितीपटवाला, खादीचा कुर्ता, बोलायला मऊ. शीबाच्या आयुष्यावर माहितीपट करायचा म्हणाला. स्कूल बायकांचं असूनही रत्नमालानं त्याला आधी गाडी शिकायला लावली आणि मग मुलाखत दिली. येताना त्यानं स्पंदक आणलं होतं.

स्पंदकाचं विज्ञान अवघड नाही. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट कातडीखालून सरकते. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, त्यामुळं त्या क्षणी कातडीचा रंग केसभर बदलतो. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र उतरतं, अगदी जुन्या कॅमेऱ्यातसुद्धा. शिवाय ही लाट अंगभर एकाच वेळी पोचत नाही. आधी कपाळावर येते, मग बोटांत, पायात सगळ्यांत शेवटी. कॉम्प्युटरनं रचलेल्या माणसात एकतर लाटच नसते, नाहीतर ती सगळीकडं एकदम उमटते, दिव्याचं बटण दाबल्यासारखी. स्पंदक जुनी फिल्म घेतं, चेहऱ्यावरची लाट वाचतं आणि शिक्का मारतं: जिवंत किंवा निर्जीव.

त्या काळात याची गरजही होती. कुणाचंही तोंड कुणाच्याही धडावर चहा उकळेपर्यंत चढवता येत होतं. अकरा फिल्म केलेल्या शीबाच्या नावावर हजारो फिल्म फिरत होत्या. म्हणून कायदा झाला. निर्जीव ठरलेली फिल्म सगळीकडून पुसावी लागे, आणि ज्याचं तोंड त्यात वापरलं त्याला तसा दाखला मिळे.

निकालाच्या दिवशी नीरजा मुद्दाम सांगलीला आली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात तिघं बसले. बाहेर एक शिकाऊ बाई गाडी बंद पाडत होती, चालू करत होती, परत बंद पाडत होती.

"रत्नाताई, सगळं निर्जीव आहे," तन्मय म्हणाला. "ते हजारो तर आहेतच. पण तुमच्या म्हणून ज्या अकरा आहेत ना, त्यासुद्धा. एकीतही ठोका सापडला नाही. तुम्ही हे केलंच नव्हतं. सगळं आयुष्य तुम्ही न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगलीत!"

नीरजाला हलकं वाटलं. तिनं आईचा हात धरला. दाखला मिळणार. आता पुण्यात कुणीही काहीही विचारलं तरी कागद तोंडावर मारता येणार.

रत्नमालानं हात सोडवून घेतला. "येडा का खुळा तू?" ती तन्मयला म्हणाली. "मी केल्यात त्या. माझ्या हातापायानं. त्या बंगल्यांत कुठला आलाय कॉम्प्युटर? साधा पंखा धड चालायचा न्हाई."

"यंत्र चुकत नाही, ताई."

"मग मी काय मेलेली होते काय?"

तन्मयनं खाली बघितलं. "अजून एक आहे. एकच क्लिप जिवंत निघाली. ती... रडतानाची."

रत्नमालाचा चेहरा पांढरा पडला. तोंडाला काळं फासलं तेव्हाही हसणारी ही बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

"जिवंत?" ती म्हणाली. "म्हंजे खरी बाई हाय ती?"

नीरजाला जे समजायचं ते समजलं. तन्मयलाही समजलं. दोघांनाही चुकीचं समजलं, पण ते त्यांना कळायला अजून वेळ होता. आई उघडी पडली, एवढंच नीरजाला दिसलं. अकरा फिल्म झाल्याच नाहीत, झाला तो एक अत्याचार, आणि तो लपवण्यासाठी आईनं अकरा फिल्मची कहाणी अंगावर ओढून घेतली. सगळं कसं जुळत होतं. माहितीपटाला पैसा देणाऱ्यांनाही हेच हवं होतं. फिल्म करणारी बाई कुणालाच नको असते, सोसणारी बाई सगळ्यांना चालते.

"ती मी न्हाई," रत्नमाला म्हणाली.

"आई, बास आता." नीरजा रडत होती. "किती वर्षं तेच! मला सगळं कळतं. मी काही लहान नाही. तुझ्यावर झालं ते झालं, त्यात तुझी काय चूक? हा दाखला घे. एकदा तरी घे काहीतरी स्वतःसाठी."

"नीरे, अकरा माझ्या. आन ते एक माझं न्हाई. ह्याचं यंत्र नेमकं उलटं बोलतंय. तोंडाला आमचा मेकअपवाला बबनमामा पॅनकेक थापायचा बोटभर. तमाशातला माणूस, त्याला हलकं लावायचं म्हाईतच न्हवतं. अंगाला सुदिक लावायचा, दिव्यानं चकाकतंय म्हणून. त्या भिंतीतनं कुठला ठोका दिसायचाय?"

तन्मय समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, असं होतं. फार मोठा आघात असला की मन दुसरी गोष्ट रचतं."

"तू गप. तुला अजून रिव्हर्स जमत न्हाई." रत्नमाला मुलीकडं वळली. "तू बघितलीयस माझी एक तरी फिल्म?"

"शी! आई!"

"शी म्हण. शंभरदा म्हण. पण बघितली का?"

"नाही."

"मंग न बघता मला खोटी कशी म्हणतीयस? गावानं बघून शिव्या घातल्या. तू न बघता कीव करतीयस. गाव परवडलं."

ती उठली, बाहेर गेली आणि शिकाऊ बाईवर ओरडली, "क्लच सोड म्हटलं की सोडायचा नसतोय एकदम, बाई! हळू! मांजराच्या शेपटीवरनं पाय काढतीयस असा!"

नीरजा पुण्याला परतली. दाखल्यासाठी आईची सही लागणार होती आणि आई सही करणार नव्हती. दोन आठवडे मायलेकींचं बोलणं नव्हतं. त्या दिवसांत नीरजाला एक सोपी गोष्ट छळत राहिली. आई आयुष्यात कशाकशाला लाजली नाही. लपवायचंच असतं तर तिनं अकरा फिल्म लपवल्या असत्या, छळ नव्हे. आणि पॅनकेकची गोष्ट रचायला ती काय कादंबऱ्या लिहिते?

मग एका दुपारी ती तन्मयच्या स्टुडिओत जाऊन उभी राहिली.

"मला आईची एक फिल्म बघायची आहे."

तन्मय गडबडला. "तू? अगं, खरंच काही गरज नाही."

"आहे. पण सगळी नको. मेकअप कुठं नव्हता ते मला बघायचंय." दोन आठवडे तिच्या डोक्यात हेच घोळत होतं. तोंडाला थापला, अंगाला थापला. मग राहिलं काय? आईच्या दारातला चपलांचा ढीग आठवला आणि उत्तर मिळालं. "तळपाय. तळपायाला कुणी पॅनकेक लावत नाही. बाकीचं सगळं काळं कर आणि फक्त पाय दिसतील असं लाव."

तन्मय कामाला लागला. तळव्याची कातडी जाड असली तरी तिच्यात रंग कमी आणि रक्त भरपूर असतं. तळहात, तळपाय गुलाबी दिसतात ते त्यामुळंच. पण स्पंदक बनवणाऱ्यांनी चेहराच धरला होता. खासदार, नट, साहेब, सगळ्यांची भांडणं चेहऱ्याचीच. पाय कोण बघतं? त्यात ज्या फिल्ममध्ये बाई नखशिखांत रंगवलेली असते, ती आणून कुणी पुढ्यात टाकेल असं त्यांच्या सभ्य डोक्यात आलंच नव्हतं.

काळ्या पडद्यावर दोन पाय उरले. नीरजानं ते लगेच ओळखले. डाव्या पायाचा अंगठा जरा बाहेरच्या बाजूला झुकलेला. आई क्लच दाबताना तोच अंगठा आधी टेकवते. फिल्मचा आवाज तन्मयनं बंद केला होता. नीरजा म्हणाली, "आवाज लाव."

"नको गं."

"लाव."

आवाज आला तो हसण्याचा. कुणीतरी मधेच शिंकलं होतं, "कट" झालं होतं आणि आई खदखदून हसत होती. तेच हसणं, शिकाऊ बाई गटारात गेल्यावरचं. मग तिचा तरुण आवाज: "ए, पाणी द्या आधी. आन तो दरवाजा लावा. अट काय ठरलीय? चौघांच्या वर माणूस खोलीत नको." कुणीतरी निमूटपणे दरवाजा लावला.

स्पंदकाच्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटू लागली. तळव्यातली लाट. संथ, निवांत, शेतात काम करून सावलीला टेकलेल्या माणसासारखी. आणि मग एका ठिकाणी रेघ अडखळली. एक ठोका घाईनं आला, मग एक मोठी पोकळी, मग धप्प करून पुढचा.

नीरजाचा हात तोंडाशी गेला.

लहानपणी आईच्या छातीवर कान ठेवून झोपताना हेच व्हायचं. ठक, ठक, ठक, आणि मधेच काही नाही. आई मेली की काय, म्हणून ती श्वास धरून बसायची, आणि मग तो दणका यायचा. डॉक्टर म्हणाले होते, काही धोका नाही, काहींच्या हृदयाला अशी खोड असते. आई म्हणायची, माझा चुकार ठोका. शाळा बुडवतो आणि शेवटी येतो.

"ही माझी आई आहे," नीरजा म्हणाली. "आणि ती घाबरलेली नाही."

तन्मयनं रत्नमालाच्या मुलाखती काढल्या, ज्यांत ती बिनमेकअपची बसली होती. त्यातली लाट काढून शेजारी ठेवली. ठोक्यांचीही बोटांच्या ठशांसारखी ओळख पटते, पण कायद्यानं त्याला त्या माणसाची परवानगी लागते. त्यानं सांगलीला फोन लावला. "परवानगी कसली मागतोयस, कर की!" एवढं फोनवरून ऐकू आलं. अकराच्या अकरा फिल्ममधल्या तळपायांचे ठोके जुळले.

"आता ती दुसरी," नीरजा म्हणाली.

रडतानाची क्लिपही काळी केली. फक्त रेघ ठेवली. रेघ धावत होती, मागं कुत्री लागल्यासारखी. भीतीनं रक्तवाहिन्या आवळतात, तशी ती लाट बारीक आणि टोकदार झाली होती. दोघं शेवटपर्यंत बघत बसले. एकदाही ती अडखळली नाही. मधली पोकळी नव्हती, दणका नव्हता. जुळवणीतही ती शीबाची निघाली नाही.

"मग जिवंत कशी?" नीरजानं विचारलं.

तन्मयनं चष्मा काढून डोळे चोळले. "खऱ्या फिल्मवर शीबाचा चेहरा चढवलाय. मुखवटा इतका पातळ बसलाय, की खालच्या बाईचा ठोका त्यातून वर आला. यंत्रानं तो वाचला आणि जिवंत म्हणून मोकळं झालं. कुणाचा, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं."

नीरजाच्या छातीवरचा किती वर्षांचा दगड खाली आला. आईवर जबरदस्ती झाली नव्हती. आई खरं बोलत होती, पहिल्यापासून, प्रत्येक वेळी. तिला हसू फुटलं, रडू फुटलं, आणि त्याच क्षणी निकालाच्या दिवशीचा आईचा पांढरा पडलेला चेहरा समोर आला. "म्हंजे खरी बाई हाय ती?" आई स्वतःसाठी घाबरली नव्हतीच. इतकी वर्षं जिला कॉम्प्युटरचा खेळ समजली, ती हाडामासाची बाई होती, आणि ते आईला एका क्षणात कळलं होतं. दोन शिकलेली माणसं शेजारी बसून तिच्या आघाताची चिकित्सा करत होती तेव्हा.

ती तशीच सांगलीला गेली. रत्नमाला गाडीखाली आडवी झाली होती, बाहेर फक्त पाय.

"आई."

"पाना दे. दहा-अकराचा."

नीरजानं पाना दिला. मग खाली बसून आईचे दोन्ही पाय धरले. "बघितली मी. चुकलं माझं."

गाडीखालून आवाज आला. "कशी वाटली?"

"पाणी मागत होतीस. दरवाजा लावायला लावलास."

"त्यो दिग्दर्शक लई विसरभोळा. रोज सांगायला लागायचं." रत्नमाला सरपटत बाहेर आली. तोंडाला ऑइल, डोळ्यांत पाणी. "पाय सोड. गुदगुल्या होत्यात."

माहितीपट पुरा झाला. पैसेवाल्यांपैकी एकजण मागं हटला, त्याला सोसणारी बाई हवी होती. रत्नमालानं तन्मयला अटी घातल्या, जशा ती आयुष्यभर घालत आली. माझ्या अकरा फिल्म माझ्या म्हणून सांगायच्या. रडतानाची क्लिप दाखवायची नाही, तुकडाही नाही. आणि ठोक्यावरून त्या बाईचा माग काढायचा नाही.

"पण तिला शोधलं तर न्याय मिळेल," तन्मय म्हणाला.

"ती हरवलीय म्हणून कुणी सांगितलं तुला? लपली असंल. यायचं असंल तर येईल."

तोंड चोरल्याची तक्रार रत्नमालानं केली. मुखवटा सिद्ध झाल्यावर ती क्लिप सगळीकडून पुसली गेली. निर्जीव म्हणून नव्हे, चोरी म्हणून. दाखल्यावर सही मात्र तिनं केली नाही. नीरजानंही परत मागितली नाही. पुण्यात माहितीपट लागला तेव्हा ती ऑफिसातल्या सगळ्यांना घेऊन गेली. दोघं आले नाहीत. आलेल्यांतल्या एकीनं मध्यंतरात हळूच विचारलं, "तुझ्या आईकडं ॲडमिशन मिळेल का गं?"

माहितीपटाच्या शेवटी रत्नमाला गाडीच्या बोनेटवर बसून कॅमेऱ्यात बघते.

"ती मी न्हाई," ती म्हणते. "जी कोण हाय, तिनं ऐकावं. बाई, ते आता कुठं न्हाई. पुसलंय. आन तुझं तोंड कुणी बघितलेलं न्हाई. लोकांनी बघितलं ते माझं. माझं तोंड बघायची लोकांना सवय हाय, त्याला काय होत न्हाई. तुझं ते रडणं माझ्याकडं राहू दे. मी सांभाळते."

पावसाळा सरल्यावर, नीरजा दिवाळीला घरी आलेली असताना, ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, अंगावर पदर घट्ट ओढलेला, लांबून एसटीनं आलेली. नीरजानं नाव विचारलं तर ती बोलेना. रत्नमाला ऑफिसातून बाहेर आली.

"मी तुमचा सिनेमा बघितला," बाई म्हणाली.

"कुठला? लई हायत माझे."

बाईच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "तो, गाडीवर बसून बोलता तो." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमच्याकडं सांभाळायला ठेवलंय ना. ते माझं आहे."

नीरजानं श्वास धरला, लहानपणी धरायची तसा.

रत्नमालानं काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही, छळणारे कोण होते ते नाही. ती पुढं झाली, बाईचा हात मनगटाशी धरला आणि तसाच धरून ठेवला, बराच वेळ.

"न्यायला आलीस?" तिनं विचारलं.

"नाही. राहू दे तुमच्याकडंच." बाईचा आवाज आता मोकळा झाला होता. "मला गाडी शिकायचीय."

"मंग चपला काढ."

बाईनं चपला काढल्या आणि इतरांच्या ढिगात ठेवल्या. गाडीत बसली, डावा पाय क्लचवर टेकवला. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. रत्नमाला शिव्या घालत होती, आणि ती बाई, कुणाला वाटलंही नसतं, खदखदून हसत होती. तिसऱ्या वेळी गाडीनं गचका खाल्ला, थरथरली आणि फाटकातून बाहेर निघाली.